आबांच्या बंदुकीचा घट्ट गज

निवडणूक आली की आमच्याकडे बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मतदान, मोजणी, गुलाल सगळं उरकलं की परत मिळतात. पुढारी ठणठणीत असतात, बंदुकांची मात्र रया गेलेली असते. कोठीच्या ओलीत पावसाळाभर पडून राहिलेली आमची ठासणीची बंदूक आबा घरी घेऊन आले तेव्हा तिच्या दस्त्यावर पांढरी बुरशी होती. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी बुरशी धोतराच्या सोग्याने पुसली, बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि नळीखालचा गज ओढायला गेले. गज हलला नाही.

"गज घट्ट व्हई गया," ते म्हणाले.

ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. हिच्यात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि लांब गजाने सगळं खालपर्यंत ठासायचं. तो गज एरवी नळीच्या खाली, लाकडाच्या खोबणीत, दोन पितळी कड्यांमधून खोचलेला असतो. गज निघाला नाही तर बंदूक म्हणजे नुसती काठी. आमचा गज धावड्याच्या लाकडाचा, टोकाला पितळी टोपी. आजोबांच्या वेळचा.

आमचं गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. डुकरं रानातून उतरतात आणि मका, दादर ज्वारी, केळीची नवी खोडं, जे समोर येईल ते आडवं करून जातात. पीक राखायला म्हणून आबांना परवाना होता. त्यांनी डुकरं मारली फार थोडी. नुसता बार काढायचे, आणि कळप पळून जायचा. पण शेजारच्या सगळ्या शेतांची भिस्त त्या बारावर होती. आबा शेतातल्या राखणीच्या माळ्यावर आहेत म्हटल्यावर लोक घरी निवांत झोपायचे. गावात त्यांना जो मान होता तो शेताचा नव्हता, पैशाचा तर नव्हताच. तो या एका कामाचा होता, आणि आबांना ते पक्कं ठाऊक होतं.

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ सुरतला साड्यांच्या कारखान्यात, तिकडेच संसार. मी नवऱ्याला सोडून माहेरी आलेली. का सोडलं हा या लेखाचा विषय नाही आणि कोणी विचारूही नये. शेती मीच बघते. माझ्या नाकावर माशी बसत नाही असं गावात म्हणतात, आणि ते खरं आहे.

तर गज घट्ट. लाकूड ओलीने फुगतं, यात नवल काय. गावातल्या आणखी एकाची बंदूक तशीच परत आली होती. आबा म्हणाले, "बठ्ठास्ना गज फुगेल शेतस." सगळ्यांचेच गज फुगलेत म्हणे. मी हात घालून पाहिलं, आणि खरंच, पहिल्या दिवशी तो मलाही दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन ओढावा लागला. निघाला तेव्हा मी ओसरीवर मागच्या मागे बसले. आबा हसले. मला ते हसणं अजून आठवतं, कारण त्यानंतर या गजावरून कोणी हसलं नाही.

घट्ट गज सैल करायची रीत मला आबांनीच शिकवली. कंदिलाच्या काचेवरची काजळी बोटाने गजाला फासायची. गज कड्यांमधून आत सारायचा आणि परत काढायचा. जिथली काजळी पुसली गेली, तिथे गज घासतो. तेवढाच भाग फुटक्या काचेच्या धारेने तासायचा, वरवर, भुसा पिठासारखा निघेल इतकाच. पुन्हा काजळी, पुन्हा काच. शेवटी जवसाचं तेल आणि मेण चोळून उन्हात ठेवायचा. सगळा गज सरसकट तासला तर तो बारीक होतो, लवतो आणि ठासताना मोडतो. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. मी घाई करणारीच, पण आबांसमोर निमूटपणे करत होते.

परवाना त्यांच्या नावावर, म्हणून बंदूक त्यांच्याच मांडीवर. "बंदूकले हात लावू नको व, गजले लाव," असं ते दर वेळी बजावायचे. ते बंदूक धरून ओसरीवर बसायचे, मी समोर पायरीवर काच घेऊन. दुपार अशी जायची. संध्याकाळपर्यंत गज सुतासारखा चालू लागला. मी एका हाताने काढला, घातला, काढला. मग गज आत सारून मी म्हणाले, बघा.

आबांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत गजाचं टोक धरलं आणि ओढलं. चिमूट सुटली. पुन्हा धरलं. पुन्हा सुटली.

"आखो जरासा घट्ट शे," ते म्हणाले. अजून जरा घट्टच म्हणे.

मला वाटलं, तेलाने हात बुळबुळीत झाले असतील. दुसऱ्या दिवशी आणखी तासला. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी माझ्या हाताला तो अगदी मोकळा लागायचा आणि आबांच्या हाताला घट्ट. मी चिडायचे. म्हणायचे, आबा, तुम्ही नीट धरतच नाही. ते म्हणायचे, "मन्हा हातले काय धाड भरनी? तू काच नीट चालाड." काच नीट चालव म्हणे. माझ्या बोटांना चिरा पडल्या होत्या, आणि वर हे.

मका तेव्हा कणसाला आला होता. शेजारचे विचारू लागले, आबा, माळ्यावर कधी? आबा म्हणायचे, गज तेवढा नीट होऊ दे. लोक माना डोलवायचे. पोलिसांच्या कोठीने वाट लावली बंदुकीची, असं म्हणून सरकारला चार शिव्या घालायचे आणि जायचे. सगळ्यांना पटत होतं. गज फुगतो, ही आमच्याकडे सर्दी-पडशासारखी माहितीतली गोष्ट. तिच्यावर कोण शंका घेणार?

मग एका सकाळी ते झालं. आबा बंदूक खुंटीवरून काढून ओसरीवर येत होते. उंबऱ्याशी त्यांचा हात कलला आणि नळीचं तोंड खाली झालं. गज आपोआप सरकला, दोन्ही कड्यांमधून सुळकन बाहेर आला आणि फरशीवर पडून टणटणत पायरीपर्यंत गेला. कोणी हात लावला नव्हता. मी दाण्याचं सूप हातात घेऊन उभी होते. आम्ही दोघं त्या गजाकडे बघत राहिलो.

आबा म्हणाले, "आखो जरासा घट्टच शे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, आबा, गज खाली पडलाय. स्वतःहून पडलाय. याला घट्ट म्हणतात? ते खाली वाकले, गज उचलायला गेले, आणि तो त्यांना उचलता येईना. चार बोटं फरशीवर खरवडत होती आणि गज जागच्या जागी गोल फिरत होता. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचा हात नीट पाहिला. अंगठा आणि तर्जनीच्या मधे जो मांसाचा उंचवटा असतो तो नव्हताच. तिथे खळगा पडला होता. हाडांवर नुसती कातडी.

मला एकाएकी बाकीचं सगळं दिसू लागलं. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर जाम झालाय म्हणे, म्हणून महिनाभर मीच पाणी सोडत होते. सदऱ्याची काजं लहान शिवली म्हणून शिंप्याला बोलणी बसली होती. तपकिरीच्या डबीचं झाकण म्हणे गंजलं. आबांच्या हाताखालची एकेक वस्तू घट्ट होत गेली होती, आणि आम्ही एकेका वस्तूला दोष देत बसलो होतो. गजाची तर गंमतच. मी तो जितका तासून बारीक केला, तितका तो त्यांच्या चिमटीला आणखी अवघड होत गेला. धडधाकट माणसाला सैल, आणि ज्याच्या चिमटीत जोर नाही त्याला धरताच येऊ नये असा. मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. मी सूप तिथेच आपटलं, दाणे अंगणभर झाले.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर आबा ऐकतील ही आशाच नव्हती. भावाला फोन केला. तो म्हणाला, वय झालंय, दुखत असेल, मालिश कर. सुरतेत बसून मालिश सांगायला काय जातं. मी फोन ठेवला आणि आबांना म्हणाले, कडी बिघडली असणार. पितळी कडी आतून वाकली असेल, सोनगीरला तांबटाकडे दाखवू या. सोनगीर धुळ्याच्या वाटेवर आहे आणि मोठे डॉक्टर धुळ्याला, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. ते मग म्हणाले, चल.

बंदूक घरीच राहिली. कड्या काढून रुमालात बांधल्या, गज वर्तमानपत्रात गुंडाळला. शिरपूरला गाडी बदलली, हायवेला लागलो. सोनगीरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या ठोक्यांचा आवाज आधीच कानावर येतो. तांबटाने कड्या पाहिल्या, गज आत-बाहेर केला, माझ्याकडे पाहिलं. मी आबांच्या पाठीमागून मान हलवली. त्याने समजून दोन ठोके मारले, कडी किंचित उघडली, आणि झालं म्हणाला. आबांनी गज हातात घेतला नाही. "बरं व्हयनं," एवढंच म्हणाले. मग मी म्हणाले, आलोच आहोत इथवर, तर धुळ्याला हात दाखवून घेऊ. ते पुढे होऊन एस. टी.त चढले.

धुळ्याचा नसांचा डॉक्टर तरुण होता, माझ्या भावापेक्षा लहान. त्याने आबांना अंगठा आणि बोटाच्या मधे एक साधा कागद धरायला लावला आणि म्हणाला, आजोबा, सोडायचा नाही हं. आणि कागद ओढला. तो निघाला. आवाजसुद्धा झाला नाही. डाव्या हाताचंही तेच.

"कागद गुळगुळीत आहे साहेब," आबा म्हणाले.

डॉक्टरने दंडावरची कातडी आपोआप थरथरताना दाखवली, जीभ बाहेर काढायला लावली, गुडघ्यावर हातोडी मारली. पुढचे दोन दिवस तपासण्यांत गेले, रात्री धर्मशाळेत. शेवटी त्याने मला एकटीला आत बोलावलं. आबा म्हणाले, जे सांगायचं ते माझ्यासमोर सांगा, मी काय लहान पोर आहे? मग त्याने दोघांना सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. हातापासून सुरू झालंय, पायांत उतरेल, मग बोलणं, मग गिळणं, शेवटी श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. याला औषध नाही. थोडं लांबवता येतं, इतकंच. मी विचारलं, किती दिवस? त्याने सांगितलं नाही. बरं केलं.

परतीच्या गाडीत आबा खिडकीशी बसले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, आबा, मुंबईला दाखवू. ते म्हणाले, कपाशी वेचायची राहिली आहे, आधी ती उरक. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. ओरडा, रडा, शिव्या घाला, पण काहीतरी करा.

मका त्या वर्षी डुकरांनी खाल्ला. आमचाही आणि शेजारचाही. सकाळी शेतात गेलं की आडव्या ताटांमधे चघळून टाकलेली कणसं. शेजारी येऊन हळहळायचे, आबा, गज कधी होणार हो नीट? आबा म्हणायचे, बघू. त्यांच्या हाताबद्दल मी तोंडातून ब्र काढला नव्हता. त्यांनी सांगितलं नव्हतं काढू नको म्हणून, पण मला कळत होतं. लोक बंदुकीला बिघडलेली म्हणत होते तोवर आबा माळ्यावरचे आबा होते. आबांचाच हात गेला हे एकदा कळलं की मग दयेने बघणं सुरू. ते त्यांना मरणाहून वाईट वाटलं असतं, आणि मलाही.

परवान्याची मुदत संपत आली. नव्याने करायचा तर डॉक्टरचा दाखला लागतो, बंदूक चालवण्याइतका माणूस धड आहे असा. ते डोंबलाचं मिळणार होतं. मी विषय काढणार त्याच्या आधीच आबा एका सकाळी म्हणाले, "गज नीट व्हस तवपावत जमा करी देऊत." गज नीट होईपर्यंत जमा करू. मी बरं म्हणाले. त्यांनी धुतलेलं धोतर मागितलं, टोपी घातली. सदऱ्याची बटणं मी लावली. त्यांनी मान वर करून छताकडे पाहत लावू दिली.

ठाण्यात ओळखीचाच हवालदार होता, आमच्याच बाजूच्या गावचा. त्याचं शेत आमच्या शिवाराला लागून. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. चहाला आबा नको म्हणाले. बंदूक जमा करताना ती रिकामी आहे हे दाखवावं लागतं. त्याची रीत साधी आहे. गज काढायचा, नळीच्या तोंडातून आत सोडायचा. तळाला पितळेची टोपी आपटून टण्ण वाजलं तर नळी रिकामी. बद्द आवाज आला तर आत बार आहे. आणि हे ज्याची बंदूक त्यानेच करायचं असतं.

"वाजवा आबा," हवालदार म्हणाला.

आबांनी बंदूक उभी धरली, दस्ता पायांच्या मधे. दोन्ही तळव्यांमधे गजाचं टोक दाबून वर ओढायला गेले. तळवे नुसते घसरत वर गेले आणि गज खालीच. टेबलापाशी आणखी दोघं-तिघं उभे होते, त्यातला एक आमच्या गावचाच. आबांनी पुन्हा केलं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मला बघवत नव्हतं.

"घट्ट दिसतोय गज," हवालदार म्हणाला आणि खुर्चीवरून उठून हात पुढे केला. त्याने बोट लावलं असतं तरी तो गज हातात आला असता. मग सगळ्यांना कळलं असतं.

मी मधे शिरले. म्हणाले, "तुम्हाला नाही निघायचा भाऊ. फुगलाय तो. आम्हा दोघांना रोज ओढावा लागतो. त्याला एक खुबी आहे." मी दोन्ही हातांनी गज धरला, पाय बंदुकीच्या दस्त्याला लावला आणि दात-ओठ खाऊन ओढल्याचं नाटक केलं. पहिल्या ओढीत काढला नाही. मधेच थांबून दम खाल्ला. मग आणखी एक हिसका देऊन काढला आणि एक पाऊल मागे गेले. माझ्या कपाळाला खरोखरचा घाम होता. गज नळीत सोडला. टण्ण.

"बाप रे, खरंच घट्ट आहे," गावचा माणूस म्हणाला. हवालदाराने बंदुकीला चिठ्ठी बांधली आणि ती आत नेली.

आम्ही बाहेर आलो, स्टँडवर लिंबाच्या पारावर बसलो. गाडीला वेळ होता. आबा दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. मग म्हणाले, "तू खोटा जोर लाई ऱ्हायंती ना?"

मी हो म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"माले पयलापशीन समजेल व्हतं," ते म्हणाले. पहिल्यापासून. म्हणजे पहिल्या संध्याकाळी चिमूट सुटली तेव्हाच. गज मोकळा झालाय, हात गेलाय, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

मला इतका संताप आला. ती काच, त्या चिरा, ती काजळी, त्या सगळ्या दुपारी. मी म्हणाले, "मंग काबर घासाले लायं माले इतला दिन?" का घासायला लावलं मला इतके दिवस?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोर शेंगदाण्याची गाडी होती, तिच्याकडे बघत म्हणाले, "तू घाशी ऱ्हायंती, तवपावत मी बरा व्हतू."

मी घासत होते तोवर ते बरे होते. गाडी आली. मी त्यांच्या दंडाला धरून चढवलं, आणि त्यांनी धरू दिलं.

त्यानंतर आबांनी कुठल्याच वस्तूला घट्ट म्हटलं नाही. पाय गेले तेव्हा खाटेला नावं ठेवली नाहीत. शेवटी शेवटी मी दुधात कालवलेला मऊ भात भरवत होते आणि तोही उतरत नव्हता. मी म्हणाले, आबा, भात जरा कोरडा झालाय वाटतं, थांबा, आणखी दूध घालते. त्यांनी मान हलवली. जीभ जड झाली होती, एकेक शब्द वेगळा काढत होते.

"भात चांगला शे," ते म्हणाले. "मालेच गियाये ना." मलाच गिळवत नाही.